संघप्रियाचा फोटो हलतो

भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर अल्पेशची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या डोक्यावर उदय गमरेची खोली. खोली म्हणजे दहा बाय बारा, कोपऱ्यात मोरी, भिंतीला ओटा आणि जिकडे हात लावाल तिकडे पीठ. उशीवर पीठ, हंड्यावर पीठ, कॅमेऱ्याच्या पिशवीचं तर विचारूच नका. पण त्या खोलीला उत्तरेकडे चांगली चार फूट रुंद खिडकी होती आणि खिडकीसमोर मिठागर. मधे भिंत नाही, झाड नाही. ऊन आत यायचं नाही, नुसता उजेड यायचा, आणि उन्हाळ्यात समोर मिठाचे ढीग लागले की तो आणखी वाढायचा. खोली दाखवताना मालकाने आधीच सांगून टाकलं होतं की इथला वारा खारट आहे, लोखंड टिकत नाही. उदयचं लक्षच नव्हतं. त्याने खिडकीत उभं राहून आपला हात पुढे धरला, बोटांच्या कोणत्या बाजूला सावली पडते ते पाहिलं आणि खोली पसंत करून टाकली. त्याची बायको संघप्रिया मागून म्हणाली, "अहो, नळ कुठाय ते तरी विचारा!" नळ खाली होता. चौदा पायऱ्या.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. उदय मूळचा गुहागरकडचा, पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर कामाला. आठवडाभर डबे आणि पेले चकचकीत करायचे आणि रविवारी फोटो काढायचे. कॅमेरा जुना, कोणीतरी वापरून कंटाळून विकलेला, पण भिंग चांगलं होतं. फ्लॅश नव्हता. परवडत नव्हता हे खरंच, पण परवडला असता तरी घेतला नसता. तो म्हणायचा, फ्लॅश मारला की माणूस पोलिसांनी पकडल्यासारखा दिसतो. आणि बोलण्यात तथ्य होतं! स्टेशनजवळच्या स्टुडिओत काढलेले फोटो बघा, सगळे कसे दचकलेले.

उदयची रीत वेगळी. खिडकीपासून हातभर अंतरावर स्टूल, माणसाचं तोंड खिडकीकडे थोडं वळवलेलं. कॅमेरा स्टँडवर, आणि स्टँडच्या तिन्ही पायांखाली जुन्या स्लीपरचे तुकडे, कारण खाली गिरणी चालू असली की जमिनीला कंप यायचा. मग फोकस. फोकस करायचा तो खिडकीकडच्या डोळ्यावर. नाकावर नाही, कपाळावर नाही, डोळ्यावर. मग तो म्हणायचा, "श्वास सोडा... आता थांबा." खोलीतल्या उजेडात शटर सेकंदाचा आठवा-दहावा भाग तरी उघडं ठेवावं लागायचं. ऐकायला हे काहीच नाही, पण तेवढ्यात माणूस ओठ ओला करतो, खांदा पाडतो, जिन्यात कोण आलं म्हणून बघतो, आणि फोटो हलतो. भरलेल्या छातीने माणूस डुलतो, सोडलेल्या श्वासावर तो दगडासारखा बसतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. रोलच्या रोल वाया घालवून तो स्वतः शिकला होता.

पहिल्या वर्षी एक भानगड झाली. शेजारच्या मुर्धा गावची वासंती, मासळी विकून परत जाताना टोपली गिरणीशी ठेवून वर आली आणि स्टुलावर ऐसपैस बसली. उदयने फोटो काढला तो असा, की खिडकीकडचा गाल उजळलेला आणि दुसरा पार अंधारात. त्याला तो फार आवडला. वासंतीने तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"अरं, माजा आर्धा तोंड खाल्लास काय?"

"मावशी, त्याला कला म्हणतात."

"कला ठेव तुज्या घरी! मना दोन्ही गाल पायजेत. पोरीच्या सासरी फोटू जायचा हाय, ते बोलतील आर्धीच हाय बाई."

संघप्रिया मोरीत तोंडावर पदर धरून हसत होती. तिनेच तोड काढली. खिडकीच्या समोरच्या बाजूला ती पांढरी चादर ताणून उभी राहिली, तसा चादरीवरून उजेड परतून वासंतीच्या दुसऱ्या गालावर आला. तेव्हापासून दर रविवारी चादर धरायचं काम तिचं. चादर धरता धरता ती पोरींचे पदर नीट करायची, म्हाताऱ्यांना सुनेच्या गोष्टी विचारून बोलतं करायची, आणि माणूस जरा सैल झाला की उदयला डोळ्यांनी खुणवायची. फोटो उदयचे म्हणून नाव झालं, पण त्यातली निम्मी माणसं तिने बसवलेली होती. पापणीचा केस न केस मोजावा असे फोटो. मोरवा, राई, मुर्धा, सगळीकडून लोक यायला लागले. नोकरीच्या अर्जाला, मुलगी दाखवायला, म्हातारीचा एक असू दे म्हणून.

आता संघप्रियाची आई. अनसूयाबाई गावी एकटी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि शस्त्रक्रियेला ती कोणाचं ऐकून घ्यायला तयार नव्हती. संघप्रिया पूर्वी मे महिन्यात जाऊन यायची, पण एकोणनव्वदला एसटीत घाटातच तिला अशी धाप लागली की अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं, आणि मग ते जाणं राहिलंच. म्हातारीने शाळेच्या मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं. जावई एवढे फोटो काढतात म्हणे, तर नजर आहे तोवर माझ्या पोरीचं तोंड मला बघू दे. एक फोटो पाठवा.

मागणी काय होती? एक फोटो. फोटोवाल्याकडे त्याच्याच बायकोचा.

पण रविवारी दहापासून चांगला उजेड असायचा तो गिऱ्हाइकांसाठी. जेवणं व्हायची, भांडी व्हायची, आणि चार-साडेचारला उदय म्हणायचा, "दोन-तीन फोटो उरलेत रोलमधे. ये, बस." संघप्रिया हात पुसून, पावडर लावून, निळ्या काठाची साडी नेसून बसायची. तिच्यासाठी चादर धरायला कोणी नसायचं, म्हणून ती दोरीवर टाकलेली. एव्हाना उजेड उतरलेला असायचा. शटर सेकंदाचा चौथा भाग उघडं ठेवावं लागायचं. रोलचं शेपूट आणि दिवसाचंही शेपूट, ते तिचं. यात उदयला काही वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर तिलाही नाही. घरचं माणूस शेवटी जेवतं, तसंच ते.

तो मोरीत रोल धुवायचा, वाळवायचा आणि खिडकीशी धरून भिंगातून बघायचा. गिऱ्हाइकांचे सगळे फोटो स्वच्छ. संघप्रियाचा हललेला.

पहिल्यांदा त्याला वाटलं फोकस चुकला. दुसऱ्यांदा वाटलं गिरणी. तो खाली अल्पेशकडे गेला.

"अल्पेशभाई, दस मिनट मशीन बंद रखो ना. बीवी का फोटो निकालना है."

"उदयभाई, चार लोग डब्बा लेके खडे हैं. भाभी का फोटो निकालोगे और मेरे को गाली पडेगी."

पण माणूस भला. त्याने बंद ठेवली. खालचे लोक डबे घेऊन ताटकळले, वर उदयने तीन फोटो काढले, आणि तिन्ही हलले. मग त्याने स्लीपरचे तुकडे बदलले. कॅमेरा खोलून साफ करायला बोरीवलीला एका दुरुस्तीवाल्याला दिला. त्याने सांगितलं, शटरला काही झालेलं नाही. झालं! आता दोष देण्यासारखं एकच माणूस उरलं.

"तू हलतेस."

"मी नाही हलले."

"मग कोण हललं? मिठागर?"

पुढच्या वेळी तिने पाठ भिंतीला टेकवली, दात आवळले, मांडीवरची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ताठ बसली. तरी फोटो हललाच. तेव्हा उदय ओरडला. "एक मिनिट स्थिर बसता येत नाही तुला? मुर्ध्याची म्हातारी बसते, तीन वर्षांचं पोरगं बसतं, आणि तुला जमत नाही?" जिन्यात ऐकू गेलं एवढ्याने ओरडला. संघप्रिया उठली आणि चहा ठेवायला गेली.

ती म्हणायची, "पाठवा हो तसाच. आईला कुठे आता एवढं बारीक दिसतंय."

"म्हातारी सगळ्या वाडीला दाखवणार. फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो आणि तोच हललेला? माझ्या हातून असला फोटो गावी जाणार नाही."

नाक! दुसरं काही नाही. असे करता करता अकरा फोटो साठले, एका पाकिटात. आणि बघा, उदय एरवी बारकावे बघणारा माणूस, त्याने ते अकरा फोटो भिंगाखाली शंभरदा बघितले असतील. स्टुलाचा पाय स्वच्छ. साडीचा निळा काठ स्वच्छ. मांडीवर अडकवलेली बोटं, नखांसकट स्वच्छ. फक्त मानेच्या वर सगळं दुहेरी, नाकाला दोन रेघा. माणूस हलतं तेव्हा खांदे हलतात, हात हलतात. ही बाई नुसती मानेच्या वर कशी हलेल, असं त्याला एकदाही वाटलं नाही. गिरणी, स्टँड, शटर, फोकस एवढ्यातच त्याचं डोकं फिरत राहिलं.

एक्याण्णवच्या जानेवारीत संघप्रिया पाण्याचा हंडा घेऊन वर येताना सातव्या पायरीवर बसली. बसली ती उठेना. अल्पेशने हंडा वर पोचवला आणि त्याच्या बायकोने तिला. पाय सुजलेले होते, ते तिने साडीखाली झाकून ठेवले होते, कधीपासून कोण जाणे. दुसऱ्या दिवशी उदयने कारखान्यात खाडा केला आणि तिला स्टेशनजवळ डॉक्टर सुचेताबाईंकडे नेलं.

बाई तरुण होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी अजून नळी कानाला लावली नव्हती. संघप्रिया समोर खुर्चीवर बसली होती आणि बाई तिच्याकडे नुसत्या बघत होत्या.

"तुम्ही मान हलवताय का?"

संघप्रिया घाबरली. तिने उदयकडे बघितलं. उदय हसला, अहो हसला! म्हणाला, "सवयच आहे डॉक्टर तिला. फोटोलापण स्थिर बसत नाही. किती ओरडलोय मी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी संघप्रियाचं मनगट धरलं, जरा वेळ थांबल्या, मग उदयला म्हणाल्या, "इकडे या. इथे बोटं ठेवा. लागतोय ठोका? आता तिच्या मानेकडे बघा."

ठोका लागला आणि मान डुलली. पुन्हा ठोका, पुन्हा मान. अगदी थोडी, असेल नसेल एवढी. होय-होय म्हणावं तशी.

"ती हलवत नाहीये," बाई म्हणाल्या. "तिचं हृदय हलवतंय. झडप नीट मिटत नाही, रक्त पुढे जातं आणि उलटं येतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

"अकरा वर्षांची होते," संघप्रिया म्हणाली. "दोन महिने अंथरुणावर होते. आईने शेकून शेकून बरं केलं."

बाहेर पडल्यावर संघप्रियाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. म्हणाली, "बघा. मी सांगत होते ना, मी नाही हलत म्हणून."

त्या दिवसापासून उदयचं काय झालं ते सांगणं कठीण आहे. रडला नाही, ओरडला नाही. देवाला चार शिव्या द्याव्यात तर तो देव मानत नव्हता. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तसा तो सगळाच्या सगळा झाला. कारखान्यात पॉलिशच्या चाकावर त्याचा अंगठा सोलवटला, तर शेजारच्याने ओढून बाजूला केल्यावर त्याला कळलं. मुंबईतल्या मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांनी सहा खेपा घातल्या. रांगा, कागद, छातीचे फोटो. झडप बदलायची ठरली आणि तारीख मिळाली नोव्हेंबरची. उदयने तारीख वहीत लिहिली, संघप्रियाला गोळ्या वेळेवर दिल्या, पाणी स्वतः भरलं, भात स्वतः लावला. सगळं व्यवस्थित. कोणी विचारलं, कसं आहे वहिनींचं? तर तो झडपेचं वर्णन सांगायचा, कॅमेऱ्याच्या शटरचं सांगावं तसं. लोकांना वाटायचं, काय माणूस आहे! संघप्रियालासुद्धा वाटलं. एकदा ती म्हणाली, "ओरडा तरी हो माझ्यावर पूर्वीसारखं." तो म्हणाला, "कशाला?" आणि ताट धुवायला मोरीत गेला.

एप्रिलमध्ये आईचं आणखी एक पत्र आलं. उजवा डोळा गेला, डाव्याने थोडं दिसतं, फोटो अजून का नाही?

उदय त्या संध्याकाळी स्टुडिओवाल्याकडून फ्लॅश उसना घेऊन आला. आता साधी गोष्ट होती. फ्लॅश पडतो तो डोळ्याची पापणी लवायच्या आत, त्यात मान काय हलणार! त्याने फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवला. संघप्रिया भिंतीला उशी लावून बसली होती.

"ते नको," ती म्हणाली.

"स्वच्छ येईल."

"अख्ख्या मोरव्याच्या बायकांचे खिडकीतले, आणि माझाच तेवढा पोलिसांनी पकडल्यासारखा? मला खिडकीतलाच पाहिजे. आणि चांगल्या उजेडात पाहिजे, गिऱ्हाइकांसारखा."

उदयने फ्लॅश काढून पिशवीत ठेवला. गिऱ्हाइकांसारखा. चार वर्षांत तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं आणि ते हे होतं.

रविवारी दहा वाजता जिन्यात सहा-सात माणसं उभी होती. उदयने दार उघडलं आणि सांगितलं, "थांबा. आधी घरचा फोटो आहे." आत नवा रोल, पहिलं चित्र. समोर मिठाचे ढीग लागलेले, खोलीत दूध सांडल्यासारखा उजेड. अल्पेशने न सांगता गिरणी बंद ठेवली होती. त्याची बायको चादर धरायला वर आली होती. संघप्रिया निळ्या काठाची साडी नेसून स्टुलावर बसली आणि तिने डावा हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आधाराला.

उजेड भरपूर होता, पण मान आता नुसत्या डोळ्याला दिसण्याइतकी डुलत होती. उदयने डोळ्यावर फोकस केला आणि भिंगातून बघत राहिला. ठोक्याबरोबर मान हलत होती, पण मग परत जागेवर येत होती आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तिथेच राहत होती. मधे जागा होती. थोडीशी, पण शटरला पुरेल एवढी. फक्त ती कधी येते ते डोळ्याने धरता येत नव्हतं. डोळा मागे पडत होता.

त्याने दुरून शटर दाबायची लांब तार उजव्या हातात घेतली, कॅमेऱ्याच्या बाजूला सरकला आणि डावा हात लांब करून कट्ट्यावरचं तिचं मनगट धरलं. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तिथेच.

"काय करताय?"

"काही नाही. श्वास सोड."

तिने सोडला. तिला फार वेळ थांबता यायचं नाही, एका श्वासाला एकच फोटो. ठोका लागला. त्याने तो जाऊ दिला. दुसरा लागला, त्यानंतर जराशी वाट बघितली आणि तार दाबली. असे सहा फोटो काढले. मधे मधे ती धाप टाकायची, तो मनगट न सोडता थांबायचा. जिन्यातली माणसं एरवी कुरकुर करतात, त्या दिवशी कोणी आवाज केला नाही.

सहापैकी पाच थोडे थोडे हलले. एक आला. अहो, काय आला! खिडकीकडच्या डोळ्यात खिडकी दिसत होती, खिडकीत मिठाचा ढीग. ओठांवरची कोरडी साल, कपाळावर सुटलेला एक केस, सगळं जागच्या जागी. ती हसत नव्हती, पण कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी दिसत होती. संघप्रियाने तो हातात घेतला आणि खिडकीशी धरून पाहिला. मग म्हणाली, "अशी दिसते मी? बरी आहे की."

आणि या गाढवाने काय म्हणावं? "खाली कोपऱ्यात माझी बोटं आलीत. पुढच्या रविवारी परत काढू, बोटं न येता. मग पाठवतो."

"अहो, बोटांचं काय एवढं? पाठवा ना हाच."

"पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी तिला बसवेना. त्याच्या पुढच्याही नाही. मे गेला, पाऊस आला, मिठागर पाण्याखाली गेलं आणि उजेडही गेला. फोटो पाकिटातच राहिला. सप्टेंबरच्या अठरा तारखेला, ऑपरेशनला सात आठवडे असताना, संघप्रिया सकाळी चहा घेता घेता गेली. कप उदयने तिच्या हातातून काढून घेतला, धुतला आणि जागेवर ठेवला. मग खाली जाऊन अल्पेशला सांगितलं.

पुण्यानुमोदनाला खोली भरली होती. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली संघप्रियाचा तो फोटो मोठा करून ठेवला होता, पांढरी फुलं, मेणबत्त्या. लोक फोटो बघून म्हणत होते, आत्ता बोलेल असं वाटतं. उदयचा कारखान्यातला सोबती लवू म्हणाला, "काय क्लिअर आहे रे! कशाने काढलास?" उदयने सगळं सांगितलं, भिंग कोणतं, रोल कोणता, शटर किती. एक आकडा चुकला नाही. लवूला विचारल्याचा पस्तावा झाला.

लोक गेल्यावर अनसूयाबाई उठल्या. त्या आदल्या दिवशी एसटीने आल्या होत्या आणि आल्यापासून जावयाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी चाचपडत फोटो उचलला, खिडकीशी नेला आणि डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला. नाक काचेला टेकलं.

"दोन वर्सं मागितला मी," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं. आता एका डोल्यानं बघू? काय दिसतंय मला त्यात? पांढरा दिसतो नि काला दिसतो. पोर कुठं हाय?"

उदय उभा होता.

"माज्या पोरीचा तोंड तुमी माज्यापासून ठेवलात, जावयबापू. मी हे नाय विसरनार."

खरंच होतं ते. म्हातारीने फोटो इकडे-तिकडे फिरवला, खालच्या बाजूला डोळा नेला.

"हितं काय हाय? कायतरी आडवा दिसतो."

"माझा हात. तिचं मनगट धरलं होतं. बोटं आलीत."

"कशाला धरलात तिला?"

"ठोक्याला तिची मान हलायची, आई. फोटो हलायचा. ठोका बघून, तो गेल्यावर काढला. म्हणून धरला होता."

"मग ही बोटं कापून धाडायचात. लोक कापतात की."

"कापून बघितला," उदय म्हणाला. "बोटं कापली की तिचा हात जातो."

अनसूयाबाईंनी पुन्हा खालच्या कोपऱ्यात डोळा नेला. फोटो अजून त्यांच्या डोळ्यासमोरच होता. आणि मग जे त्याने लवूला सांगितलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंना हसत हसत सांगितलं होतं, संघप्रियाजवळ कधी कबूल केलं नव्हतं, ते तो बोलला. "मी तिला ओरडायचो, आई. जिन्यात ऐकू जाईल एवढा. हलू नकोस, हलू नकोस म्हणून. आणि ती हलतच नव्हती हो. ती तर अगदी गप्प बसलेली असायची."

म्हातारी रागावेल असं त्याला वाटलं. रागवायला हवंच होतं तिने. तिने फोटो कट्ट्यावर ठेवला, भिंतीला नीट टेकवला, आणि आपला हात पुढे केला. सुरकुतलेला, शेतात राबलेला, बांगडी नसलेला.

"कुठं धरला होतात? दाखवा."

उदयने दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. क्षणभर काही लागलं नाही, मग लागलं. बारीक होतं, पण चालू होतं. तो ठोके मोजायला लागला, पाच, सहा, सात, आणि आठव्याला त्याला असं रडू फुटलं की खाली अल्पेशने गिरणी बंद केली. अनसूयाबाईंनी हात काढून घेतला नाही.